पेटी आपली, किल्ली कुणाची?

औंढ्याच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. एरवी आम्ही कर्ज, हप्ते, पासबुकं असले विषय घेऊन येतो. आज टीव्हीबद्दल बोलायचंय. टीव्हीवरचा कार्यक्रम आपण घरच्या बॉक्सवर साठवून ठेवतो आणि पुढे तोच कार्यक्रम कॉम्प्युटरवर उघडत नाही, हे का होतं? हा पोराटोरांचा विषय आहे असं आम्हालाही वाटायचं. आत्यांच्या पेन ड्राइव्हनं आम्हाला शहाणं केलं.

आत्या म्हणजे आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या सभासद. जात्यावरच्या ओव्या त्यांना किती येत होत्या ते कुणी मोजलं नाही. तीन वर्षांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत एका मराठी वाहिनीची माणसं गावात आली. चिखलात लावणी करणाऱ्या बायकांचं चित्रण झालं, मग आत्यांच्या पडवीत जातं मांडलं. आत्या एकदा बसल्या त्या उठायला तयार नाहीत. कॅमेरावाला मुलगा म्हणाला, "आजी, पुरे झालं." तर म्हणाल्या, "तुझं पुरे झालं असंल, माझं पीठ राहिलंय."

कार्यक्रम लागायच्या दिवशी आपल्याकडचा श्रावणातला पाऊस. डिशचं चित्र आधी चौकटी चौकटीचं झालं आणि मग गेलंच. उपग्रहाकडून येणाऱ्या या लहरी जोराच्या पावसात विरतात, त्यामुळे मावळात पावसाळाभर हे चालायचंच. रविवारी सकाळी तोच कार्यक्रम पुन्हा दाखवणार होते. या वेळी आमच्या सचिवताईंनी त्यांच्या सेट टॉप बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून तो साठवून घेतला. आत्यांना दोनदा दाखवलाही. पेन ड्राइव्ह गटाच्या पेटीत, रजिस्टरांखाली गेला.

मधल्या एका पावसाळ्यात वीज पडली आणि तो बॉक्स जळाला. सचिवताईंनी दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं. गेल्या वर्षी आत्या गेल्या. यंदा वर्षश्राद्धाला त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. "आईचं ते टीव्हीवरचं सगळ्यांना दाखवू या," म्हणाला. आम्ही पेन ड्राइव्ह काढला, ग्रामसंघाच्या लॅपटॉपला लावला. आत फाइल दिसत होती, चांगली मोठी होती, पण उघडेना. मग नव्या बॉक्सला लावला, तर पडद्यावर सूचना आली: हे साधन वापरण्यासाठी फॉरमॅट करा. आमच्यातल्या एकीचा अंगठा रिमोटच्या ओके बटणावर गेलाच होता. सुनबाई ओरडल्या म्हणून थांबली. फॉरमॅट करणं म्हणजे आहे ते सगळं पुसून टाकणं, हे तुम्हीही लक्षात ठेवा.

लोणावळ्याच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करणारा एक मुलगा आहे, त्याच्याकडे गेलो. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "ताई, फाइल बिघडलेली नाही. तिला कुलूप आहे, आणि किल्ली जळालेल्या बॉक्समध्ये होती."

हे आमच्या गटातल्या बायकांना समजायला एक मिनिट लागलं नाही. आपल्या रोख पेटीची पद्धत हीच असते. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. नुसती पेटी हातात असून उपयोग नाही. पेन ड्राइव्ह ही पेटी होती. फरक एवढाच की पेटीची किल्ली हरवली तर आपण लोहार बोलावतो. इथं लोहार चालत नाही.

आता हे कुलूप आलं कुठून ते सांगतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हाचं प्रक्षेपण उघडं होतं. छपरावर अँटेना लावली की चित्र घरात, आणि ज्याच्याकडे व्हीसीआर त्यानं कॅसेट घालून हवं ते भरून घ्यावं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमाराला रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हीसीआर आले. पुढे केबल आली तीही उघडीच. पुण्यात कितीतरी घरांत कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड नावाची पट्टी बसवलेली असायची. केबलची वायर थेट कॉम्प्युटरला लावायची, मालिका भरून घ्यायची, सीडीवर उतरवून माहेरी पाठवायची. कुणी विचारत नव्हतं.

उघड्या केबलमध्ये एक खोट होती. केबलवाल्याची घरं किती, हे त्याच्याशिवाय कुणालाच नक्की कळत नसे. त्यानं शंभर जोडण्या दिल्या आणि वाहिनीला तीस सांगितल्या, तर पकडणार कसं? सरकारचा करही त्यात बुडायचा. म्हणून २०११ च्या अखेरीला केबलचा कायदा बदलला. त्यानुसार प्रत्येक वाहिनी कुलूपबंद करूनच, म्हणजे सांकेतिक रूपात, डिजिटल पद्धतीनं पाठवायची असं ठरलं. मुंबई, दिल्ली अशा चार महानगरांत ३१ ऑक्टोबर २०१२ ची मुदत होती, पुण्यासह ३८ शहरांत ३१ मार्च २०१३ ची. गावाकडचा शेवटचा टप्पा लांबत लांबत ३१ मार्च २०१७ वर आला. डिश टीव्ही, म्हणजे ज्याला डीटीएच म्हणतात, ते तर पैसेवाल्या वाहिन्यांसाठी पहिल्यापासूनच कुलूपबंद होतं.

म्हणजे बघा, हे कुलूप मुळात हिशेबासाठी लावलं. पण त्यामुळे कॉम्प्युटरमधली ती ट्यूनर पट्टी एका दिवसात निकामी झाली. वायरीतून चित्र येत होतं, पण गोंधळलेलं. ते सोडवायची किल्ली फक्त कंपनीच्या बॉक्समध्ये.

आणि कुलूप एक नाही, तीन आहेत. पहिलं आकाशापासून बॉक्सपर्यंत. याची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते आणि बॉक्समधलं कार्ड किंवा चिप ती ओळखते. रिचार्ज संपला की किल्ली मिळणं थांबतं, हे आपण दर महिन्याला अनुभवतो. दुसरं कुलूप साठवणुकीचं. बॉक्स चित्र मोकळं करतो, आपल्याला दाखवतो, पण पेन ड्राइव्हवर लिहिताना ते पुन्हा स्वतःच्या कुलपात घालतो. ही किल्ली त्या एका बॉक्सपुरती असते. शेजारणीकडे त्याच कंपनीचा, त्याच बनावटीचा बॉक्स असला तरी बहुतेक वेळा चालत नाही. रिचार्ज बंद असला तर स्वतःचीच साठवण बघू न देणारे बॉक्सही आहेत. कंपनी बदलली तर विषयच संपला.

तिसरं कुलूप वायरीत आहे. टीव्हीला आपण जी चपटी एचडीएमआय वायर लावतो, तिच्यातून चित्र पाठवण्याआधी बॉक्स टीव्हीला विचारून घेतो, "तू टीव्हीच आहेस ना?" या पद्धतीला एचडीसीपी म्हणतात, ती इंटेल कंपनीनं काढली. टीव्ही बरोबर उत्तर देतो म्हणून चित्र दिसतं. टीव्हीच्या जागी कॉम्प्युटरवर चित्र उतरवणारं यंत्र लावलं तर त्याला ते उत्तर देता येत नाही आणि पडदा काळा राहतो. आम्ही लोणावळ्याच्या दुकानात हे करून बघितलं. बाजूच्या टीव्हीवर मालिका चालू, कॉम्प्युटरवर काळा पडदा. जुन्या बॉक्सला पिवळी, लाल, पांढरी अशा तीन वायरी असतात. त्या वायरींतून चित्र थोडं पुसट येतं, पण पुष्कळदा मोकळं येतं. सरळ, आडमार्गानं न जाता, कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याची तेवढी एक वाट उरली आहे. नव्या बॉक्सांवर त्या वायरींची भोकंही कमी होत चाललीत.

कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. नवा सिनेमा, क्रिकेटचा सामना यांचे हक्क फार पैसे मोजून घेतलेले असतात. डिजिटल नक्कल मूळ प्रतीइतकीच स्वच्छ असते. कॅसेटवरून कॅसेट काढली की ती दर वेळी खराब होत जायची, तसं इथं होत नाही. एका घरातून शंभर प्रती निघाल्या तर शंभरावीही पहिलीसारखीच. त्यामुळे त्यांना भीती वाटते, आणि ती खोटी नाही. पण त्याच कुलपात आमच्या आत्याही अडकल्या, आणि आत्यांच्या ओव्यांची चोरी करायला कोण येणार होतं?

हा वाद जगभर झालाय. अमेरिकेत सिनेमा कंपन्यांनी घरगुती व्हीसीआरविरुद्ध दावा लावला होता. १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की कार्यक्रम नंतर बघता यावा म्हणून घरी भरून ठेवणं हा गुन्हा नाही. पुढे २००३ मध्ये तिथल्या सरकारी आयोगानं डिजिटल प्रक्षेपणाबरोबर 'नक्कल नको' अशी खूण पाठवायचा आणि प्रत्येक यंत्रानं ती पाळायचा नियम केला. जुलै २००५ पासून तो लागू व्हायचा होता, त्याआधीच मे महिन्यात न्यायालयानं तो रद्द केला. दावा ग्रंथालयांच्या संघटनेनं लढवला होता, हे आम्हाला फार आवडलं. जपाननं २००४ मध्ये एकदाच साठवा, पुढे प्रत काढू नका असा नियम लावला. लोक इतके वैतागले की २००८ मध्ये दहा प्रतींपर्यंत सूट द्यावी लागली.

आपल्याकडे काय? वडगावच्या एका वकीलताईंकडे आम्ही चौघी जाऊन बसलो. त्यांनी कॉपीराइट कायदा, १९५७, समोर उघडून ठेवला. त्यातलं कलम ३९ म्हणतं की स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या शिक्षणासाठी, संशोधनासाठी प्रक्षेपणाचं ध्वनिमुद्रण, चित्रमुद्रण केलं तर प्रक्षेपण करणाऱ्याच्या हक्काचा भंग होत नाही. कलम ५२ मध्येही खासगी वापराला जागा आहे. म्हणजे सचिवताईंनी घरी कार्यक्रम साठवला, यात काही चुकलं नव्हतं. तो विकला असता, भाड्यानं दिला असता, पैसे घेऊन दाखवला असता, तर चुकलं असतं. प्रक्षेपणाचा हा हक्क २५ वर्षं असतो. आणि यूट्यूबवर टाकणं हा खासगी वापर नव्हे. "आमच्याच गावाचं आहे, टाकलं तर काय बिघडलं" असं म्हणून चालत नाही.

मग कुलूप तोडलं तर? २०१२ च्या दुरुस्तीनं या कायद्यात कलम ६५ अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूनं असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'हेतूनं' हा शब्द वकीलताईंनी दोनदा वाचून दाखवला. कायद्यानं मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडण्याला तिथं सूट आहे. मात्र दुसऱ्याला त्यात मदत करणाऱ्यानं त्या माणसाचं नाव, पत्ता, सगळा तपशील लिहून ठेवायचा आहे. आम्ही म्हटलं, मग आमचं काम कायद्यात बसतंय! त्या हसल्या. म्हणाल्या, "बसतंय. पण कायदा तुम्हाला कुलूप तोडलं म्हणून शिक्षा करणार नाही, एवढंच. किल्ली आणून द्या असं तो कंपनीलाही सांगत नाही." घरी साठवायची मोकळीक आहे, पण साठवलेलं उद्या उघडेल याची हमी कुणीच देत नाही. आमच्या मते कायद्यातली ही मोठी फट आहे. कुलूप फोडून देतो म्हणणारी यंत्रं आणि माणसं बाजारात भेटतात. त्यांच्या नादी लागू नका असंच आम्ही सांगू. जळालेल्या बॉक्सची किल्ली तेही आणू शकत नाहीत, पैसे मात्र आधी घेतात.

वकीलताईंकडूनच आणखी एक गोष्ट कळली, आणि ती आम्हाला सगळ्यांत मोलाची वाटते. कायद्याच्या भाषेत आत्या 'सादरकर्त्या' होत्या. गाणारी, वाजवणारी, नाचणारी, कीर्तन करणारी, व्याख्यान देणारी, कुणीही. सादरकर्त्याचे हक्क ५० वर्षं राहतात. आपलं नाव लावलं जावं, हा त्यातलाच एक हक्क. चित्रण होताना वाहिनीची माणसं एका कागदावर सही किंवा अंगठा घेतात, ते संमतीपत्र. लेखी संमती दिल्यावर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, कार्यक्रमाच्या वापराला आपण आडकाठी करू शकत नाही. आत्यांनी सही केली होती. कागदात काय होतं ते त्यांनी वाचलं नाही, आम्हीही वाचलं नाही. चहा ठेवायच्या गडबडीत होतो. 'कार्यक्रमाची एक प्रत सादरकर्तीला द्यावी' एवढी एक ओळ त्या दिवशी हातानं लिहिली असती, तर आज ही वणवण झाली नसती.

म्हणून आमच्या ग्रामसंघानं आता ठराव केलाय. गावात कुणीही चित्रण करायला आलं की संमतीपत्राच्या खाली ही ओळ लिहायची, कागदाचा फोटो काढायचा आणि मगच कॅमेऱ्यासमोर बसायचं. बऱ्याचदा तर येणारी मुलं चांगली असतात, त्यांना प्रत द्यायला काही वाटत नाही. फक्त आपण मागत नाही. शिवाय चित्रण चालू असताना आपल्यातल्या एकीनं बाजूला उभं राहून मोबाइलवर आवाज तरी भरून घ्यायचा. तो आपला, त्याला कुलूप नाही.

घरी साठवायचंच असेल तर आधी बघा वाहिनी कुठून येते. डीडी फ्री डिश ही सरकारी सेवा २००४ पासून आहे, तिला महिन्याचे पैसे नाहीत. तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या कुलपाशिवाय येतात, आपली सह्याद्रीही. बाजारातल्या साध्या फ्री डिश बॉक्सवर पेन ड्राइव्ह लावून साठवलेली फाइल पुष्कळदा कॉम्प्युटरवर सरळ उघडते. आम्ही सह्याद्रीवरचा शेतीचा कार्यक्रम दहा मिनिटं भरून बघितला, लॅपटॉपवर लगेच चालला. तुमच्या बॉक्सवर अशीच दहा मिनिटांची परीक्षा आधी घ्या, मग विश्वास ठेवा. पैसेवाल्या कंपनीच्या बॉक्सवर साठवलेलं मात्र उसनं आणलेलं समजा. बॉक्स बदलायच्या, कंपनी सोडायच्या आधी त्या तीन रंगीत वायरींनी ते कॉम्प्युटरवर किंवा डीव्हीडीवर उतरवता येतं का ते बघा. काहीच जमत नसेल तर मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून टीव्हीसमोर ठेवा. चित्रावर पट्टे येतील, मध्येच कुकरची शिट्टीही येईल. तरी राहील.

एक गोष्ट मनात सलते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी खोऱ्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या काही १९९० च्या दशकात ध्वनिमुद्रितही झाल्या. त्या आज 'पारी'च्या वेबसाइटवर कुणालाही ऐकता येतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या टेपवरचा आवाज ऐकू येतो, आणि आमचा तीन वर्षांचा पेन ड्राइव्ह मुका. जुनं यंत्र भारी होतं असं नाही. त्या टेपला कुलूप नव्हतं आणि सांभाळणारं माणूस होतं, एवढंच.

वर्षश्राद्धाला शेवटी काय दाखवलं, ते राहिलंच. त्या रविवारी सचिवताईंची धाकटी मुलगी मोबाइल घेऊन खेळत होती. तिनं टीव्हीचं चाळीस सेकंदांचं चित्रण करून ठेवलं होतं, तिलाही आठवत नव्हतं. निम्मा पडदा, बाजूला कुणाचा तरी खांदा, वर पत्र्यावर पावसाचा आवाज. त्यातून आत्या ऐकू येतात. मुलानं ते तीन वेळा लावायला सांगितलं.

वाहिनीला आम्ही पत्र पाठवलंय. कार्यक्रमाचं नाव, तारीख, वेळ सगळं लिहिलं. नशीब असं की त्या आठवड्याच्या बैठकीच्या इतिवृत्तात सचिवताईंनी 'आत्या टीव्हीवर' अशी नोंद तारखेसह करून ठेवली होती. पत्राबरोबर आत्यांच्या मुलाचा अर्जही जोडला. पेन ड्राइव्ह अजून पेटीतच आहे, त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय: फॉरमॅट करू नये. पत्राला दीड महिना झाला. उत्तर आलं की याच वेळेला, याच केंद्रावर तुम्हाला सांगू.